चाळीस वह्या आणि एकच निबंध

पत्र थोडक्यात असं: सातवीला भाषा शिकवणाऱ्या एका ताईंनी यंदा पहिल्यांदाच मुलांकडून कथेवर थिसिस असलेला निबंध लिहून घ्यायचं ठरवलं. म्हणजे कथेबद्दल एक मत मांडायचं आणि कथेतलेच पुरावे देऊन ते पटवून द्यायचं. मुलं अडतील म्हणून त्यांनी साचा दिला, ‘या कथेत लेखकाने अमुक गोष्ट अमुक, अमुक आणि अमुक यांतून दाखवली आहे’, मग तीन परिच्छेद, मग समारोप. चाळीस वह्या आल्या आणि निबंध मात्र एकच. निम्म्यांनी गोष्टच परत सांगितली, बाकीच्यांनी तात्पर्य लिहिलं, दोघांचे निबंध तर इतके गुळगुळीत की ते एआयकडून आलेत हे कळतंच. ताईंनी सुट्टीचे दिवस घालवून प्रत्येक चूक लाल पेनने काढली, मुलांनी तेवढ्या चुका दुरुस्त करून तोच निबंध परत आणून दिला. सहकारी म्हणतात या वयात पोरांना स्वतःचं मत नसतं, नववीत बघू. ताई विचारतात, साचा काढून टाकू की आणखी पक्का करू? आणि मुळात वयच चुकतंय का?

ताई,

आधी वयाचं उरकून टाकू, कारण त्या शेऱ्याने तुम्ही उगाचच खचलात असं वाटलं. सातवीतल्या मुलांना मत नसतं म्हणणाऱ्यांनी एकदा मैदानावर आउट की नॉटआउट यावरून जुंपलेली असताना बाजूला उभं राहून ऐकावं. एक म्हणतो आउट, दुसरा म्हणतो नाही, लगेच साक्षीदार बोलावले जातात, बॉल कुठे पडला ते बोट टेकवून दाखवलं जातं, ‘मागच्या वेळी तूच असाच आउट दिला होतास’ हा दाखलाही निघतो. दावा झाला, पुरावा झाला, समोरच्याचं खोडून झालं, आणि हे सगळं कोणी न शिकवता. डोकं तयार आहे हो. फक्त गोष्टीबद्दल असं भांडलेलं चालतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, कारण आजवर प्रत्येक धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं आणि ते बाईंना आधीच माहीत होतं. अशा मुलाला एके दिवशी ‘तुझं मत लिही’ म्हटलं की तो बाईंच्या मनात कुठलं मत असेल त्याचा अंदाज बांधतो आणि तेच लिहितो. तुमच्या वर्गात सगळ्यांनी एकच अंदाज बांधला, आणि बहुतेक तो बरोबरही असेल. त्यामुळे नववीची वाट बघू नका, नववीतही हेच होणार, फक्त वाक्यं लांब झालेली असतील.

आता दुसरं, जरा टोचेल असं विचारते. तुम्ही लिहिलंय की पहिल्या तासाला थिसिस ठरवून घेतला आणि दुसऱ्या तासाला पुरावे शोधायला लावले. हा क्रम आला कुठून? छापलेल्या निबंधात थिसिस वरच असतो म्हणून आपल्याला वाटतं की तो सुचतोही आधी. तसं नसतं. वाचणारा आधी कुठेतरी अडखळतो, हा असं का वागला, शेवट असाच का, मग त्या अडखळण्याभोवती घुटमळतो, दोन-तीन जागा परत वाचतो, कुणाशी तरी वाद घालतो, आणि या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य हाताला लागतं. तुम्ही मुलांकडे ते शेवटचं वाक्य पहिल्याच तासाला मागितलंत. त्यांच्याकडे ते नव्हतं, साच्यात रिकाम्या जागा होत्या, त्या त्यांनी भरल्या. ‘मैत्री’, ‘धाडस’, ‘प्रामाणिकपणा’ हे शब्द कुठल्याही जागेत बसतात ना!

तर सुरुवात प्रश्नापासून करा, आणि पहिल्या खेपेला कथा इतकी ओळखीची घ्या की ‘समजली का’ ही भानगडच उरणार नाही. ससा-कासवच घ्या. लहान मुलांची गोष्ट म्हणून सातवीतली पोरं नाकं मुरडतील, मुरडू देत. फक्त एक करा, सगळ्यांच्या हातात एकच छापील प्रत द्या, कारण या गोष्टीची रूपं पुष्कळ आहेत, कुठे आव्हान ससा देतो, कुठे कासव, आणि पुरावा म्हणजे समोरच्या कागदावरच्या ओळी, आजीने सांगितलेली आठवण नाही, हे पहिल्याच दिवशी ठसलं पाहिजे. मग विचारा, कासव जिंकलं की ससा हरला?

‘एकच ना ते, बाई’ असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे. विचारा, ससा झोपला नसता तर? ससा जिंकला असता. मग कासवाच्या मेहनतीने फरक काय पडला? इथे वर्ग फुटतो. एक गट म्हणेल, कासव पण मध्ये थांबलं असतं तर ससा झोप काढूनही जिंकला असता, म्हणजे चालत राहणं महत्त्वाचंच. दुसरा गट म्हणेल की गोष्टीत सगळं ठरवतो तो ससाच, चिडवायचं त्याने, पळायचं त्याने, झोपायचं त्याने, कासव तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच काम करतंय. दोन्ही गटांना म्हणा, ओळ दाखवा. तोंडी बोललेलं फळ्यावर लिहीत जा, त्यांच्याच शब्दांत, शुद्ध करू नका. वीस मिनिटांत फळ्यावर असं काहीतरी येईल: ‘ही गोष्ट कासवाच्या मेहनतीची वाटते पण खरी सशाच्या घमेंडीची आहे, कारण गोष्टीतला प्रत्येक निर्णय ससा घेतो.’ झाला की थिसिस. आणि तो तुम्ही दिलेला नाही.

मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, की कासवाने त्याला उठवलं का नाही? बरेच शिक्षक हसून पुढे जातात, मी तर म्हणेन सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मूल म्हणेल ‘कासव चांगलं वागलं नाही’. हे मत आहे पण अजून कथेबद्दलचं नाही, ते त्याच्या स्वतःच्या नीतीचं आहे, त्यावर निबंध लिहायला बसलं की प्रवचन होतं. त्याला विचारा, गोष्ट कासवाला याबद्दल काही बोलते का? तो परत वाचेल. नाही बोलत. कासव झोपलेल्या सशाजवळून जातं आणि गोष्ट त्याला एका शब्दाने हटकत नाही. मग यावरून या गोष्टीबद्दल काय म्हणता येईल? थोडं थांबलात तर त्याच्याकडूनच येईल की या गोष्टीला कोण जिंकलं याच्याशी मतलब आहे, कसं जिंकलं याच्याशी नाही. बारा वर्षांच्या मुलाने कथेत जे लिहिलेलं नाही त्यालाही पुरावा म्हणून वापरलं! मोठ्यांच्या समीक्षेत तरी वेगळं काय असतं?

तात्पर्याचा गोंधळ मात्र सरळ फोडून सांगावा लागतो, तो आपोआप सुटत नाही. लहानपणापासून गोष्ट संपली की तात्पर्य काय हे विचारलं गेलंय, त्यामुळे ‘कथेबद्दल तुझं म्हणणं’ म्हटलं की मुलं तात्पर्यच लिहिणार. फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहा. ‘ही गोष्ट शर्यतीबद्दल आहे’, हा विषय झाला. ‘घमेंड करू नये’, हे तात्पर्य, ते कथा न वाचताही लिहिता येतं. ‘ससा हरतो तो वेगामुळे नाही तर कासवाकडे बघायचीही गरज नाही असं त्याला वाटतं म्हणून’, हा थिसिस. आणि ओळखायची कसोटी एकच द्या, जास्त नकोत: एखादा शहाणा माणूस हीच गोष्ट वाचून याच्या उलट म्हणू शकेल का? कोणीच उलट म्हणू शकत नसेल तर पटवून द्यायला काही उरलेलंच नाही, आणि निबंध मग गोष्ट सांगण्याकडे घसरतो. निम्म्या वह्यांमध्ये गोष्ट परत सांगितलीय ती आळसाने नाही, दुसरं करण्यासारखं काही त्यांच्या वाक्यात नव्हतंच.

तरीही सवयीने गोष्ट सांगत सुटणारे असतातच. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे, पुरावे कथेच्या क्रमाने द्यायचे नाहीत. सगळ्यात जोरदार पुरावा शेवटच्या प्रसंगातला असेल तर सुरुवात तिथून. क्रम मोडला की ‘मग’, ‘नंतर’, ‘तेवढ्यात’ हे शब्द गळतात आणि ‘कारण’, ‘यावरून’, ‘पण’ हे लागायला लागतात. मुलांना आपल्याच वहीत हे दोन प्रकारचे शब्द दोन रंगांत गोल करायला लावा, कुठला रंग जास्त आहे ते बघून त्यांना स्वतःलाच कळतं, तुम्हाला बोलावं लागत नाही. आणि एक सांगून ठेवा की तुझ्या वाचकाने गोष्ट वाचलेली आहे. हे त्यांना खरंच माहीत नसतं.

आता खरी अवघड जागा, पुरावा दिल्यानंतरची. तुमच्या वह्यांमध्ये असा परिच्छेद नक्की असेल: ‘ससा घमेंडी होता. गोष्टीत म्हटले आहे की ससा कासवाला हसला. यावरून ससा घमेंडी होता हे सिद्ध होते.’ दिसायला मत आहे, पुरावा आहे, समारोप पण आहे, तरी काहीच झालेलं नाही. १९५८ मध्ये स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने युक्तिवाद सोडवून दाखवला होता, त्यात दावा असतो, आधार असतो आणि या आधारावरून त्या दाव्यापर्यंत जाता का येतं हे सांगणारा तिसरा दुवा असतो. मुलं हा तिसरा दुवा गाळतात कारण त्यांना तो उघड वाटतो, अन् खरं सांगायचं तर मोठेही गाळतात. हसला म्हणून घमेंडी? हसतो तर माणूस विनोदालाही. तेव्हा अवतरण उतरवलं की पुढची निदान दोन वाक्यं त्याच अवतरणाबद्दल लिहायची, नवीन मुद्द्यावर उडी नाही, असा नियम करा.

समजा तुमच्या प्रतीत ससा मागे वळून बघतो, कासव दिसत नाही आणि ‘वेळ भरपूर आहे’ म्हणून आडवा होतो. तर तोच परिच्छेद मुलांबरोबर फळ्यावर असा होत जाईल: ‘ससा हसतो त्यापेक्षा तो झोपतो तिथे त्याची घमेंड जास्त दिसते. तो दमलाय असं गोष्टीत कुठेच नाही. तो आधी मागे बघतो, मग झोपतो, म्हणजे झोप त्याला लागली नाही, त्याने ती ठरवून घेतली. दमलेल्याला दुसरा इलाज नसतो, सशाला होता.’ भाषा साधीच आहे, एकही भारी शब्द नाही, पण ‘लागली नाही, ठरवून घेतली’ या ठिकाणी विचार हलला. हे मुलांसमोर लिहा, तुमची खाडाखोड त्यांना दिसू द्या, तयार परिच्छेद प्रिंट काढून वाटू नका. तयार नमुना बघून मुलं त्याची चाल उचलतात, तो तसा का झाला ते उचलत नाहीत.

मग साच्याचं काय? काढून टाकू नका असंच मी म्हणेन, काही मुलं कोऱ्या पानासमोर अक्षरशः गोठतात, त्यांना काहीतरी धरायला लागतं. पण साचा बदला. तुमच्या साच्यात तीन रिकाम्या जागा आहेत आणि तिन्ही जागी काहीही चालतं, विरोध कुठेच नाही. त्याऐवजी ‘वाटतं असं की..., पण नीट वाचलं तर..., कारण...’ हा द्या, किंवा ‘जरी..., तरी...’. यात मूल मैत्री-धाडस-प्रामाणिकपणा भरूच शकत नाही, त्याला दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या कराव्याच लागतात. पाच परिच्छेदांचा आग्रह मात्र सोडा. तीनच मुद्दे का? दोन असतील तर दोन, तिसरा ओढूनताणून आणलेला मुद्दा लगेच ओळखू येतो आणि चांगल्या दोघांनाही पाडतो. खरं तर पहिले काही आठवडे निबंध नकोच, एक परिच्छेद पुरे, एक म्हणणं, एक ओळ आणि त्या ओळीबद्दल चार वाक्यं. हे जमलं की निबंध म्हणजे असे दोन-तीन परिच्छेद आणि त्यांना जोडणारी वाक्यं, तेवढंच उरतं.

लाल पेनबद्दल. तुमची मेहनत वाचून वाईट वाटलं, कारण ती बरीचशी वाया गेली. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांना लेखन शिकवण्यावरच्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो मुलांना आखणी, फेरलेखन आणि तपासणी कशी करायची हे पायरीपायरीने शिकवण्याचा, आणि वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवण्याचा. मुलांनी एकमेकांबरोबर बसून लिहिण्याचाही चांगला परिणाम होता. सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम मात्र चक्क उलटा आला. आणि मुलांनी लाल खुणा तेवढ्या दुरुस्त करून तोच निबंध परत दिला यात त्यांचा गुन्हा नाही. नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये कॉलेजातल्या नवख्या लेखकांची अनुभवी लेखकांशी तुलना केली तेव्हा त्या नवख्यांनाही फेरलेखन म्हणजे शब्द बदलणं एवढंच वाटत होतं, अनुभवी मंडळी मात्र म्हणण्याचा आकारच परत शोधत होती. कॉलेजात ही गत, तर सातवीत दुसरं काय होणार. आपण खुणा शब्दांवर केल्या की त्यांना तेच बरोबर वाटतं.

पुढच्या वेळी पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाला हातच लावू नका, कितीही हात शिवशिवले तरी. प्रत्येक वहीत फक्त एक वाक्य अधोरेखित करा, जिथे मुलाचं स्वतःचं काहीतरी चमकलंय, आणि समासात एकच प्रश्न लिहा, ‘हे कशावरून?’ किंवा ‘मग ससा मागे का बघतो?’. चाळीस वह्यांना हे एका बैठकीत होतं. व्याकरण शेवटच्या प्रतीला, तेही जोडीदाराकडून आधी तपासून आलेलं. आता तुमच्याकडे पडलेल्या वह्यांनाही हेच करता येईल, पण मला विचाराल तर त्या निबंधांवर आणखी वेळ घालवू नका, त्यांना मुलंही कंटाळलीत आणि तुम्हीही.

एआयवाल्या दोघांना वर्गासमोर पकडायला जाऊ नका, सिद्ध करता येत नाही आणि चुकून एखादा खरंच हुशार निघाला तर तो पुन्हा जीव ओतून लिहिणार नाही. जवळ बसवून विचारा, तू अमुक ओळ घेतलीस, हीच का घेतलीस, दुसरी कुठली चालली असती का? स्वतः लिहिलेलं मूल चुकतमाकत का होईना पण सांगतं. ज्याला नाही सांगता येत त्याला म्हणा, ठीक आहे, आता माझ्यासमोर एकच परिच्छेद लिही. आणि पहिला खर्डा कायम वर्गात, हाताने, चर्चा झाल्याझाल्या लिहून घ्या म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

घरी मुलांचा असा निबंध घेऊन बसणाऱ्या आईवडिलांनीही पत्रं पाठवली आहेत, त्यांना एवढंच, वाक्य सुचवू नका. मुद्दाम उलट बाजू घ्या. ‘मला तर सशाची दया येते’ म्हणा आणि मूल तुम्हाला खोडून काढायला काय काय आणतं ते ऐका, मग म्हणा की हे आत्ता बोललास तेच लिही.

राहिला मार्कांचा मुद्दा. एक प्रकारचा निबंध तुमच्याकडे येईलच आणि तुम्ही अडाल म्हणून सांगून ठेवते. मूल सुरुवातीला म्हणतं कासव मेहनतीने जिंकलं, पुरावे देत देत जातं आणि शेवटच्या परिच्छेदात भलतंच म्हणतं, की खरं तर ससाच हरला. आपण ‘विसंगती’ असं लिहून मार्क कापतो. कापू नका, लिहिता लिहिता त्याला आत्ता कुठे सापडलंय. त्याला म्हणा, हा शेवटचा परिच्छेद काढून सगळ्यात वर ठेव आणि इथून परत लिही, आणि मार्क त्या दुसऱ्या प्रतीला द्या.